एकही हात वर नाही

या, जरा पुढे सरकून बसा. मृदंगाला कणीक लागते आहे, टाळकरी पोचायचे आहेत, बुवांचा चहा व्हायचा आहे; तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, नाशिकचीच, दोन हजार चार सालातली. हिच्यात राक्षस नाही आणि चमत्कारही नाही. एक बाई सिटी बसमध्ये बसली होती आणि तिच्या पोटात एकदम खड्डा पडला, एवढंच घडलं. पण तो खड्डा कुठवर खोल गेला ते ऐका.

शनिवार होता, सकाळची शाळा सुटून गेलेली. नाशिक रोडहून निघालेली बस दत्त मंदिराचा थांबा सोडून उपनगरकडे चालली होती आणि खिडकीशी बसलेली शुभांगी विधाते मनातल्या मनात सोमवारचं उत्तर घोळवत होती. आबा विचारतील, मॅडम, किती निघाली? आणि आपण सांगायचं, एकही नाही. एकही हात वर झाला नाही. मग आबा पानाची डबी उघडतील, हसणार नाहीत, हसले असते तर बरं, पण ते नुसतं म्हणतील, मग झालं तर. शुभांगी एका शिक्षणसंस्थेची समुपदेशक होती. नाशिक रोड, वणी, चांदवड धरून संस्थेच्या पाच शाळा आणि त्या पाचांत मिळून ही एकटी. प्रत्येक शाळेत तिची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. लेझीम, गुंडाळलेल्या चटया, हवा गेलेले फुटबॉल आणि मधोमध तिची खुर्ची. पोरं तिला 'डोक्याच्या मॅडम' म्हणत. गुरुजी तर धमकीच देत, गप बसतो का पाठवू डोक्याच्या मॅडमकडे? म्हणजे काही फुटलं, कुणी पळालं, कुणी चोरी केली, कुणी चक्कर येऊन पडलं की मगच तिला निरोप जायचा. ती पोचायची तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. चांदवडच्या शाळेतल्या ओमने जीव दिला, तेव्हाही ती होऊन गेल्यावरच पोचली होती.

त्या ओमनंतरच तिने हट्ट धरला होता, की मला आधी जाऊ द्या. प्रत्येक वर्गावर आठवड्याला एक तास द्या, बिघडलेल्या पोरांसाठी नाही, सगळ्यांसाठी. संस्थेचे सचिव रंगनाथ आबा म्हणजे भला माणूस, पण व्यवहाराचा पक्का. "मॅडम, दुखतच नाही त्याला गोळी द्यायची का?" ते म्हणाले होते. "आणि नको ते विचारून पोरांच्या डोक्यात किडा सोडाल." तेव्हा तिला आबांचा पिंपळगावचा द्राक्षमळा आठवला. "आबा, वेलीवर भुरीचा रोग दिसल्यावर फवारता का आधी?" आबा थबकले, मग खो खो हसले. "माळ्याची पोर, बोलायला ऐकायची नाही! बरं, एक शाळा घ्या, एक वर्ग घ्या. पण फवारणीचाही हिशोब असतो. दुखणारी पोरं किती निघतात ते सोमवारी सांगा, मग बघू." तर तो एक वर्ग म्हणजे आजचा नववी ब. शेवटचा तास. तिने जीव ओतून बोलायला घेतलं होतं. लहानपणी मखमलाबादेत वडील फुलांच्या पाट्या उतरवून तिला कीर्तनाला न्यायचे, बुवांच्या गळ्यातला हार आमच्याच मळ्यातला म्हणून ती फुगून पुढे बसायची. कीर्तनातली सगळी शिकवण आधीच्या पूर्वरंगात, तेव्हा ती वडिलांच्या मांडीवर झोपलेली, आणि आख्यान रंगलं की जागी. मोठेपणी तिला वाटायचं, आपली सगळी नोकरी ही नुसती आख्यानंच आहेत, आग लागलेली, रथ रुतलेला. पूर्वरंग कुणी करूच देत नाही. आज करू दिला. तिने पोरांना डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, मनावर असं ओझं आहे की एकट्याने उचलवत नाही, आणि कुणाला सांगताही येत नाही, असं ज्याला वाटतं त्याने नुसता हात वर करायचा. कुणी बघणार नाही. इथलं इथेच राहील. पंख्याची घरघर. कुणीतरी खुसखुसलं. कुणाची तरी पट्टी पडली. साठ डोकी खाली आणि एकही हात वर नाही. ती मोजून दहा श्वास थांबली, आणि तेवढ्यात मागच्या भिंतीशी बसलेल्या वर्गशिक्षिका निमसे बाईंनी हात वर केला. ती चटकन म्हणाली, "हो हो बाई, थांबते मी, वेळ झाली ना." मग घंटा झाली. संपलं.

बस उपनगरच्या चौकात शिरताना ब्रेक लागला आणि उभे असलेले सगळे एकदम पुढे झुकले. शुभांगीच्या शेजारी एक बाई उभी होती, दवाखान्यातली आया असावी, रात्रपाळी करून आलेली. तिचा एक हात वरच्या दांडीला आणि डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोपली होती ती. वर गेलेला हात, खाली मिटलेले डोळे. शुभांगी तिच्याकडे बघत राहिली आणि काहीतरी आतून वर यायला लागलं, आधी नुसतं अंधुक, मग आकार घेत. निमसे बाईंचेही डोळे मिटलेले होते. वेळ झाली हे सांगणारा माणूस डोळे मिटून सांगतो का? तो घड्याळाकडे बघतो, मनगटावर बोट आपटतो, भुवया उडवतो. बाईंनी यातलं काहीच केलं नव्हतं. मान खाली, डोळे मिटलेले, आणि हात वर. तोही तास संपला म्हणून दाखवतात तसा तळवा नव्हे; कोपरात मोडलेला, अर्धवट, खांद्याच्या जरासा वर, पोरं उत्तर चुकेल या भीतीने करतात तसा. आणि ती बोलल्यावर त्यांनी तो खाली घेतला होता, सावकाश, पदर सारखा करावा तसा.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आनंद झाला. एक तरी निघाला, हा विचार तिच्या मनात माशीसारखा येऊन बसला, आबांना सांगता येईल. आणि लगेच तिचे कान तापले. माणसाचा हात, आणि आपण तो हिशोबात धरतोय. ती उठली, "थांबवा, थांबवा" म्हणत दाराशी गेली. कंडक्टर म्हणाला, "ताई, आत्ता थांबली होती तव्हा काय झोपल्या होत्या का?" ती खाली उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समोरून येणारी रिक्षा तिने हात करून थांबवली, आणि आपलाच वर गेलेला हात तिला परका वाटला.

निमसे बाई आधी चांदवडच्याच शाळेत होत्या. रूपाली निमसे, वय पन्नाशीला आलेलं, भूगोल शिकवायच्या. ओम त्यांच्या वर्गातला. तो गेल्यावर शुभांगी तिथे पोरांना धीर द्यायला गेली होती, तेव्हा या बाईंनीच स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा केला होता, साखर कमी का जास्त हे प्रत्येकाला विचारून. वर्गात शुभांगी मागे बसली होती आणि बाईंनी हजेरी घेतली. पोरांचे नंबर. पोरगं गेलं तरी त्याचा नंबर त्या वर्षी दुसऱ्याला देत नाहीत, रिकामाच ठेवतात. तो वगळून पुढे जायचं असतं. बाई म्हणाल्या, पंचवीस. हजर. सव्वीस. हजर. मग एक श्वास. मग अठ्ठावीस. पोरं फरशीकडे बघत होती. बाईंचा आवाज हलला नव्हता, आणि शुभांगीने संस्थेला सांगितलं होतं, पोरांकडे लक्ष ठेवावं लागेल, वर्गशिक्षिका मात्र खंबीर आहेत. खंबीर! रिक्षाच्या धक्क्यांबरोबर हा शब्द तिच्या दातांवर आपटत होता. त्या श्वासात काय होतं हे विचारायला ती किती जवळ बसली होती. मग बाईंनी बदली मागून घेतली, नाशिक रोडला आल्या, आणि इथे त्यांनी हजेरीचं काम मॉनिटर पोरीवर टाकलं. शुभांगीने ते पाहिलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. पोरांना जबाबदारी देतात, म्हणाली होती. इथल्या वर्गात सत्तावीस नंबरची मुलगी जिवंत होती, वेणीला लाल रिबिनी लावणारी, खोखो खेळणारी. बाईंना तो आकडा तोंडाने म्हणायचा नव्हता. एवढं सरळ होतं. आज दिसतंय. काल का दिसलं नाही? वडील म्हणायचे, पोरी, चांगला बुवा पुढच्या हारवाल्यांकडे बघून गात नाही, मागे खांबाला टेकून कोण बसलंय तिकडे बघून गातो. आणि तिने आज मागच्या भिंतीकडे बघितलंही होतं. बघितलं होतं, हेच तर.

शाळेच्या फाटकाला शिपाई मल्हारी साखळी लावत होता. "मॅडम, तुम्ही परत? काय इसरलं का?"

"निमसे बाई गेल्या?"

"कव्हाच. आज घाईत होत्या. मला म्हनल्या, मल्हारी, चांदवडची गाडी द्वारका चौकात थांबती का रे? म्हनलं, बाई, इतकी वर्सं तुम्ही त्या गाडीनं ये-जा केली आन मला इचारता? तर हसल्या." मल्हारी साखळी हातात धरून थोडा थांबला. "लय दिवसांनी हसल्या, मॅडम. मला बरं वाटलं."

शुभांगीला बरं वाटलं नाही. तिने मल्हारीकडून ऑफिस उघडून घेतलं आणि बाईंच्या घरी फोन लावला. पलीकडे बाईंचे यजमान, प्रेसमध्ये कामाला असलेले यादवराव. दुपारच्या शिफ्टला निघण्याच्या तयारीतला आवाज. "कोन? विधाते मॅडम? बोला ना. ती तर शाळंतच असंल. जादा तास हाय म्हनली, जेवायला थांबू नका."

 इथलं इथेच राहील, हे तिनेच वर्गात सांगितलं होतं. नवऱ्याला काय सांगायचं? तुमच्या बायकोने हात वर केला? एखादी बाई जुन्या गावी सहज जाऊ शकते. मैत्रीण असेल. सप्तशृंगीचा नवस असेल, चांदवडच्या देवीची ओटी असेल. आपण दुपारच्या उन्हात काहीतरी रचत असू. "काही नाही," ती म्हणाली, "सहजच," आणि तिने रिसीव्हर ठेवला. मल्हारी दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. टेबलावरच्या काचेखाली गणपतीचा फोटो, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. जादा तास. चांदवड. हसल्या. ज्या माणसाने घरी खोटं सांगितलंय आणि ज्याचा चेहरा एकाएकी हलका झालाय, त्याच्यापुढे आपला शब्द मोठा की तो माणूस? तिने रिसीव्हर पुन्हा उचलला. बोटं घसरली, आकडा चुकला, पुन्हा फिरवला. "यादवराव, मी मघाशी नीट बोलले नाही. बाई शाळेत नाहीत. द्वारकेवर चांदवडच्या गाडीला गेल्यात. मला त्यांची काळजी वाटते. तुम्ही आत्ता तिथे या. शिफ्ट राहू द्या." पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "रात्रीची झोपत नाय ती." आणि फोन ठेवला गेला.

रिक्षातून द्वारकेपर्यंतच्या रस्त्यावर तिला सगळीकडे सिग्नल लाल दिसले, असलेले आणि नसलेलेही. उतरले नसते, तशीच बसमध्ये बसून राहिले असते, तर एव्हाना द्वारकेलाच पोचले असते, हे तिला गांधीनगरजवळ उमगलं. विठ्ठला, ती मनात म्हणाली, मला उशिरा पोचायची सवय लागलीय, ती आजच्या दिवस तरी मोड. चौकात ट्रक, कांद्याचे ट्रॅक्टर; काळ्या-पिवळ्या जीपांचे पोरगे ओरडत होते, ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, चांदवड! एक लाल गाडी नुकतीच सुटली होती, धुराळा अजून खाली बसायचा होता. शुभांगी त्या गाडीच्या पाठीकडे बघत उभी राहिली.  मागच्या काचेतून कुणाचं तरी डोकं दिसत होतं, अंबाडा होता का? निमसे बाई अंबाडा घालतात की वेणी? रोज बघतो त्या माणसाचं डोकं कसं असतं ते तिला आठवेना. आणि मग उजवीकडे, रसवंतीच्या बाकावर, चरकाच्या घुंगरांच्या खणखणाटात, मांडीवर पर्स ठेवून, पाय जुळवून, रेल्वेच्या डब्यात बसल्यासारख्या बाई बसलेल्या दिसल्या.

"मॅडम, तुम्ही?" बाई म्हणाल्या. आणि सवयीने जागा करून देत, "बसा. रस घेता?"

शुभांगी बसली. श्वास लागला होता, तो लपवता येईना. "कुठे निघालात, बाई?"

"चांदवडला."

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. शाळेत जरा. शनिवारी दुपारी कुणी नसतं. खिडकीतून वर्ग दिसतो." बाई रस्त्याकडे बघत होत्या. "एक गाडी सोडली. गर्दी होती."

"आणि परत यायला गाडी किती वाजता आहे?"

प्रश्न साधा होता. बाईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. चरक फिरत होता. ऊस चिरडला जाण्याचा ओला, गोड, जरा किळसवाणा वास. "ते नाही बघितलं," त्या म्हणाल्या.

आता शुभांगीच्या छातीत आबांचा आवाज वाजायला लागला, नको ते विचारून डोक्यात किडा सोडाल. पुण्याच्या शिबिरात शिकवलं होतं की विचारल्याने किडा शिरत नाही, असलेला बाहेर येतो. पण शिबिरात पंखा होता, खुर्च्या होत्या, समोर असा माणूस नव्हता.  विचारलं आणि चुकलं तर? नाही विचारलं आणि चुकलं तर? "बाई," ती म्हणाली, "मी सरळ विचारते, राग मानू नका. जगणं नकोसं झालंय का? जीव द्यायचं मनात आहे?"

घुंगरं थांबली, रसवाल्याने ऊस उलटा घातला, पुन्हा सुरू झाली.

"विचारलंत बाई एकदाचं," निमसे बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तोच होता, हजेरीचा. "रोज असतं मनात. उठल्यापासून. भाजी चिरताना, खडू घेताना. सगळे म्हणतात, बाई सावरल्या. तुम्हीही म्हणालात. मग मला वाटलं, असंच असेल सावरणं. त्या पोराने महिनाभर आधी माझ्याकडे येऊन विचारलं होतं, बाई, मी मागच्या बाकावर बसू का? मी म्हटलं, बस. का, ते नाही विचारलं. एवढंच हो. दुसरं काही नाही. पण मी तिथेच उभी आहे अजून. आज तुम्ही पोरांना विचारलंत तेव्हा म्हटलं, त्यांच्यात आपलाही नंबर लागेल. तुम्ही बघितलंत माझ्याकडे. आणि म्हणालात, हो हो बाई, थांबते, वेळ झाली ना."

शुभांगीला सांगायचं होतं की मला वाटलं, मला काय माहीत, बाई तर मोठ्या, तास पोरांचा. ते सगळं तिने बाजूला सारलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "बघूनही बघितलं नाही मी. आता बघतेय. आज तुम्हाला एकटीला कुठे जाऊ देणार नाही. आणि तुम्हाला न विचारता तुमच्या यजमानांना बोलावलंय."

"त्यांना कशाला?" बाई पहिल्यांदा घाबरल्या. "त्यांची सेकंड शिफ्ट आहे! खाडा लागेल. आणि त्यांना काय सांगू मी?"

"जे मला सांगितलंत तेच. जमेल तेवढं."

यादवराव आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं एक घर खाली लागली होती. स्कूटर तिरकी सोडून ते बाकासमोर उभे राहिले, आणि इतक्या वाटेत काय काय बोलायचं ठरवलं असेल ते सगळं त्यांच्या तोंडावरून निघून जाताना शुभांगीने पाहिलं. ते ओरडतील, असं तिला वाटलं. हात धरून ओढतील, लोक जमतील. त्यांनी कपाळ पुसलं. बायकोकडे न बघता रसवाल्याला म्हणाले, "तीन ग्लास दे. एकात बर्फ नको टाकू, हिचा घसा धरतो."

बाईंचा चेहरा तेवढ्याने फुटला. आवाज नाही, हुंदका नाही. नाकातून, डोळ्यांतून नुसतं पाणी, पदर तोंडात. यादवराव शेजारी बसले, मधे पर्सएवढं अंतर ठेवून, आणि मग त्यांनी ती पर्स उचलून आपल्या मांडीवर घेतली. "जादा तास हाय म्हनली," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी बी येडा. मार्चात परीक्षा, म्हनलं असंल. रातचे दिवे बंद करून बसती, मी कूस बदलून झोपतो. इचारायचं, पन काय इचारायचं?" चांदवडची गाडी येऊन थांबली. कंडक्टरने दारातून हाक दिली. बाईंचे गुडघे हलले, अर्ध्या उठल्यासारख्या झाल्या.  यादवराव हलले नाहीत. त्यांनी नुसती पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. घंटी वाजली, गाडी गेली, आणि बाई पुन्हा बाकाला टेकल्या. त्या टेकण्यात सुटका होती की थकवा, ते शुभांगीला कळलं नाही, आणि कळल्याचा आव तिने या वेळी आणला नाही. ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या कॉलेज रोडला, असल्याच दुखण्याच्या; तिने समोरच्या बूथवरून फोन केला, आत्ताच येतो आम्ही म्हणाली, आणि तिघं रिक्षात बसली. स्कूटर तिथेच राहिली.

वाटेत शुभांगीच्या मनात सोमवार पुन्हा आला. आबांना काय सांगायचं? बाईंचं नाव तर मरेपर्यंत सांगायचं नाही. मग काय, एकही नाही म्हणायचं? की असं म्हणायचं, आबा, आधी वर्गावर नको, आधी स्टाफरूममध्ये एक तास द्या? आबा म्हणतील, मास्तरांना काय धाड भरलीय? म्हणोत. तास मिळेल, न मिळेल. शेजारी बाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचा श्वास कधी लांब, कधी तुटक येत होता. शुभांगी प्रत्येक श्वास ऐकत होती, पुढचा येईपर्यंत आपला धरून ठेवत होती, आणि शालिमारच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तिला वाटलं, माणूस वाचवणं म्हणतात ते असंच असावं, ते झालं असं कधी म्हणताच येत नाही.

बाईंच्याच सांगण्यावरून ही गोष्ट सांगतो, त्यांचं नाव तेवढं मी बदललं आहे. बाई आहेत हो, सुखात नसतील, पण आहेत. कधीमधी याच मंडपात मागे येऊन बसतात, आणि बुवांना मी ते सांगून ठेवलं आहे. ते बघा, मृदंग लागला. आता तुमच्याकडे एवढंच मागणं. हात जोडाल तेव्हा देवाकडे आपलं मागून झालं की चांदवडच्या त्या ओमचं नाव एकदा घ्या. मागच्या बाकावर बसू का, असं त्याने विचारलं होतं. त्याच्यासाठी आधी कुणी पोचलं नाही. आपण निदान नंतर तरी त्याला विसरू नये.